गुप्त शस्त्र आणि त्याचा अधिकारी



शास्त्रात एक रीत सांगितली आहे. कोणताही ग्रंथ वाचावयास घेतला म्हणजे आधी चार गोष्टी विचारून घ्याव्या. याचा अधिकारी कोण? याचा विषय कोणता? ग्रंथाचा आणि विषयाचा संबंध काय? आणि हे सारे कशासाठी, म्हणजे प्रयोजन काय? पाठशाळेत गुरुजी हे आमच्याकडून पहिल्याच दिवशी घोकून घेत. याला अनुबंधचतुष्टय असे भारदस्त नाव आहे. पण बाजारात मडके घेणारी मायबाई तरी दुसरे काय विचारते? हे कसले, कोणासाठी, कशाला, आणि माझ्या चुलीवर टिकेल का? तेव्हा हे प्रश्न पंडितांचे तसे आपलेही आहेत.

आज हे चार प्रश्न एका निराळ्याच वस्तूला विचारावयाचे आहेत. ती वस्तू ग्रंथ नव्हे, पोथी नव्हे. ती आहे मुलांच्या हातातला व्हिडिओ गेम, आणि त्या खेळात अरण्याच्या पोटात लपवून ठेवलेले एक खड्ग. कोणी नाक मुरडील, की बुवांना म्हातारपणी हे काय सुचले! पण भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत, त्यांची यादी आठवा. त्यात मधमाशी आहे, अजगर आहे, पिंगला वेश्या आहे, आणि बाण घडविणारा एक कारागीरही आहे. तो बाणाचे टोक सरळ करण्यात इतका गढला होता की जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. अवधूताने शस्त्र घडविणाऱ्यापासून एकाग्रता घेतली, शस्त्र घेतले नाही. आपणही तसेच करू. खेळातून जे घेण्यासारखे आहे तेवढे घेऊ आणि बाकीचे मुलांना परत देऊ.

आधी विषय सांगतो. जपानात क्योटो नावाचे जुन्या राजधानीचे आणि मंदिरांचे शहर आहे. तेथे १८८९ साली पत्ते करणारी एक पेढी निघाली. तिचे नाव निन्टेन्डो. पुढे काळ बदलला आणि पत्ते करणारे लोक यंत्रातले खेळ करू लागले. त्यांच्यात शिगेरू मियामोतो म्हणून एक नामांकित रचनाकार आहेत. त्यांचे बालपण क्योटोजवळच्या सोनोबे या गावी गेले. लहानपणी रानात भटकताना त्यांना एक गुहा सापडली आणि हाती दिवा घेऊन ते आत शिरले. अंधारात पुढे काय असेल, ही जी धाकधूक आणि जी ओढ, तीच पुढे त्यांनी खेळात घातली. १९८६ साली ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ निघाला. त्याच मालिकेत १९९१ साली निघालेल्या खेळात ‘मास्टर स्वॉर्ड’ नावाचे खड्ग प्रथम आले. धुक्याने भरलेल्या रानात शिळेत रोवलेले ते खड्ग. त्या रानात खोटी खड्गेही ठेवलेली होती! वरून पाहिले तर खड्गच, हात लावला की फसगत. संतांच्या वेशात भोंदू असतात, तसाच तो प्रकार.

त्या मालिकेतला २०१७ सालचा खेळ म्हणजे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. आपल्या निरूपणाला मुख्य आधार त्याचाच. कथा थोडक्यात अशी. हायरूल नावाच्या राज्यावर गॅनन नावाचे अरिष्ट कोसळले. लिंक नावाचा वीर राजकन्या झेल्डेचे रक्षण करताना घायाळ होऊन पडला. त्याला एका गुहेत निजविले आणि तो शंभर वर्षांनी जागा झाला. जागा झाला तो कसा? अंगावर धड वस्त्र नाही, हाती शस्त्र नाही, आणि आपण कोण याचीही आठवण नाही. त्याचे खड्ग शंभर वर्षांपूर्वी राजकन्येनेच रानात नेऊन एका बोलणाऱ्या महावृक्षाच्या छायेत ठेवून दिले आहे. हा झाला विषय.

आता ते खड्ग सापडते कसे ते पाहा. त्या रानाचे नाव लॉस्ट वुड्स, म्हणजे हरवण्याचे रान. आत दाट धुके. पाऊल चुकले की धुके अंगावर येते आणि वीराला पुन्हा वेशीवर आणून सोडते. मारीत नाही, हातपाय मोडीत नाही, फक्त म्हणते की पुन्हा पहिल्यापासून ये. मग वाट कळावी कशी? वाटेवर मशाली पेटलेल्या आहेत. त्यांच्या ठिणग्या वाऱ्याने ज्या दिशेला उडतात त्या दिशेने चालावयाचे. असे काही अंतर गेले की मशाली संपतात. आता? आता आपल्याच हाती एक पेटती मशाल घ्यावयाची आणि तिच्या ठिणग्या कोणीकडे जातात ते पाहात पाऊल टाकावयाचे.

सज्जनहो, येथे क्षणभर थांबा. अर्धी वाट दुसऱ्याने पेटवून ठेवलेल्या मशालींची, आणि अर्धी वाट आपल्या हातातल्या मशालीची. पण वारा दोन्हीकडे एकच. संतांनी ठायी ठायी दिवे लावून ठेवले आहेत, तेथवर काही कठीण नाही. पण एक ठिकाण असे येते की तेथे पुढचा दिवा नाही. तेथे बसून राहणारा म्हणतो की संतांनी पुढचे सांगितले नाही. अरे, सांगितले ते एवढ्यासाठीच की वारा ओळखावयास शीक! पहिल्या मशालींनी वाट दाखविली आणि वाट ओळखण्याची रीतही शिकविली. रीत कळली की हातातली मशाल पुरते.

आता पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण सगळे मर्म येथे आहे. हे रान कोठे आहे, वाट कशी आहे, खड्ग कोठे रोवले आहे, यांतले आज काहीच गुप्त नाही. हा खेळ खेळलेले कोणतेही पोर दोन मिनिटांत सांगेल. खेळातला नकाशाही रान दाखवितो. मग त्या खड्गाला गुप्त का म्हणावयाचे? ठिकाण कळले, वाट कळली, वस्तू डोळ्यांसमोर आहे, आणि तरीही हाती येत नाही. तर ती वस्तू लपली आहे कोठे?

याचे उत्तर मला माझ्या नातवाने दिले. तो बारा वर्षांचा. आईबापांसह परदेशी असतो. मागे एका सुटीत गावी आला तेव्हा स्विच नावाचे पाटीएवढे यंत्र बरोबर घेऊन आला. संध्याकाळी हरिपाठ झाला की ओसरीवर माझ्याजवळ बसून खेळे. एक दिवस पाहतो तो वीर खड्गापुढे उभा.

मी म्हटले, “अरे बाळा, खड्ग तर समोर आहे. मग उपटून घे की!”

तो म्हणाला, “आजोबा, तेरा हृदये लागतात. माझी दहाच आहेत.”

खेळात वीराचे प्राणबळ हृदयांनी मोजतात. ती पडद्याच्या कोपऱ्यात लाल रंगाने दिसतात. आरंभी फक्त तीन असतात. खड्गाला हात घालून ओढू लागले की एकेक हृदय विझत जाते. तेरा पुरी असली तर खड्ग निघते. कमी असली तर महावृक्ष हटकतो, की आता सोड, नाही तर येथेच प्राण जाईल. पहा, त्या वृक्षाने ‘तू नालायक आहेस’ असे म्हटले नाही. ‘तू अजून झालेला नाहीस’ एवढेच म्हटले. नालायक आणि अजून न झालेला, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने माणूस खचतो, दुसऱ्याने कामाला लागतो. घरात, शाळेत, फडात, पोरांना आपण यांतले कोणते वाक्य ऐकवितो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

पण पोरच ते. त्याने एक युक्ती काढली. खेळात ड्युरियन नावाचे फणसासारखे काटेरी फळ मिळते. ते शिजवून खाल्ले की वीराला काही वेळापुरती जादा हृदये चढतात. ती पिवळी दिसतात. नातवाने भरपूर फळे शिजविली, वीराला खाऊ घातली. दहा लाल, वर पिवळी, मिळून तेराच्या वर. मोठ्या ऐटीने खड्गाला हात घातला. एक विझले, दोन विझली, दहाही विझत आली, आणि वृक्षाने पुन्हा हटकले. पिवळी हृदये खड्गाने मोजलीच नाहीत! पोराचे डोळे भरून आले. म्हणाला, “आजोबा, ही लबाडी आहे. हृदये तर होती!”

मी म्हटले, “होती रे, पण उसनी होती.”

सज्जनहो, तो बिचारा बारा वर्षांचा. पण आपण? आषाढीला वाळवंटात लाखोंचा गजर उठतो, रिंगणात अश्व धावतो, आणि आपल्याही अंगात असे बळ संचारते की वाटते, आता क्रोध जिंकला, आता लोभ जिंकला. ते बळ खोटे नाही. पण ते पिवळे आहे. गर्दीने दिलेले, काही वेळापुरते. घरी आलो, बांधाच्या हद्दीवरून भावाशी बोलणे निघाले, की सारी पिवळी हृदये गळून पडतात आणि लाल किती उरली ते कळते. उसन्या बळाने लढाईत चार घाव सोसता येतात, हे खेळातही खरे आहे. पण शिळेतले खड्ग उसन्यावर निघत नाही. ते फक्त मुरलेले मोजते.

मग मुरलेले मिळवावयाचे कसे? तोही हिशेब ऐका. हायरूलच्या भूमीवर एकशेवीस देवळ्या विखुरलेल्या आहेत. कोणी डोंगराच्या कड्यावर, कोणी वाळवंटात, कोणी बर्फात. प्रत्येकीत एक कसोटी. कोठे बुद्धीचे कोडे, कोठे बळाची परीक्षा. कसोटी उतरली की एक तेजाचा मणी मिळतो. असे चार मणी देवीच्या मूर्तीपुढे ठेवले की एक हृदय पदरी पडते. तीन हृदयांवरून तेरावर जावयाचे म्हणजे दहा कमवावयाची. केवळ देवळ्यांवर विसंबले तर चाळीस कसोट्या झाल्या. चार मोठी यंत्रश्वापदे जिंकली तर त्यांचे एकेक, अशी चार हृदये मिळतात. मग सहाच उरतात आणि चोवीस देवळ्या पुरतात. वाट कोणतीही घ्या, फुकट काही नाही. आणि एक बारकावा पाहा. चार मण्यांच्या बदल्यात हृदयाऐवजी दमही मागता येतो, म्हणजे चढण्या-धावण्याचे बळ. काय मागावे ते ज्याचे त्याने ठरवावे. तेव्हा खड्ग हवे असणाऱ्याला मोह आवरून एकाच दिशेने साठवावे लागते.

नातवाला बारा देवळ्या हव्या होत्या. सुटीभर रोज थोडा थोडा खेळून त्याने त्या केल्या. एका कोड्यापाशी दोन दिवस अडला. मी म्हटले, कोणाला तरी विचार. म्हणाला, “नको, मग मणी माझा वाटत नाही.” हे वाक्य मी तेव्हापासून कीर्तनात सांगत आलो आहे. बारावी देवळी झाली, तेरा हृदये झाली, पुन्हा रानात गेला, आणि बाराच्या वर हृदये विझली तरी हात सोडला नाही. खड्ग निघाले. ओसरीवर त्याने एवढी उडी मारली की त्याची आजी स्वयंपाकघरातून धावत आली.

हा झाला अधिकार. आता संबंधाकडे येऊ. आणि त्यासाठी आपल्या घरच्या कथेकडे वळू, कारण लपविलेल्या शस्त्राची कथा आपल्याकडे विराटपर्वात केव्हाचीच आहे.

पांडवांना बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास, मिळून तेरा वर्षे काढावयाची होती. येथे तेरा वर्षे, तेथे तेरा हृदये. हा योगायोग आहे, त्यातून ओढूनताणून अर्थ काढावयाचा नाही. विराटनगरीत शिरण्यापूर्वी त्यांनी आपली शस्त्रे स्मशानाजवळच्या एका विशाल शमीवृक्षावर बांधून ठेवली आणि कोणी जवळ येऊ नये म्हणून तेथे एक प्रेत टांगले. गुराख्यांना सांगितले की ही आमची एकशेऐंशी वर्षांची माता, असे ठेवण्याचा आमचा कुलाचार आहे. झाले! वर्षभर गांडीव तेथे टांगलेले. खाली गुरे चरत होती, माणसे येत-जात होती, आणि कोणालाही कळले नाही.

वर्ष भरत आले. कौरवांनी विराटाच्या गाई वळविल्या. राजपुत्र उत्तर स्त्रियांपुढे बढाया मारीत निघाला, आणि समोर कौरवसेनेचा समुद्र पाहताच रथातून उडी टाकून पळत सुटला. सारथी होता बृहन्नडा, म्हणजे नर्तनशिक्षकाच्या वेशातला अर्जुन. त्याने त्याला धरून आणले आणि रथ शमीखाली नेला. म्हणाला, वर चढ आणि धनुष्ये खाली काढ. तुझी ही धनुष्ये माझे बळ सोसणार नाहीत. उत्तर भ्याला, की प्रेताला शिवू कसा? अर्जुन म्हणाला, ही धनुष्ये आहेत, प्रेत नव्हे. उत्तर चढला, गाठोडे सोडले आणि आतले तेज पाहून थक्क झाला. एकेकाकडे बोट करून विचारू लागला, हे कोणाचे, ते कोणाचे?

आता सांगा, शस्त्र प्रथम कोणाच्या हाती आले? उत्तराच्या. ठिकाण त्याच्याच नगरीच्या वेशीबाहेरचे, झाड त्याच्याच राज्यातले, गाठोडेही त्यानेच सोडले. तरी गांडीव त्याचे झाले का? नाही. तो विचारीत राहिला, की हे कोणाचे? आणि ज्याचे होते तो शेजारी उभा असून त्याला ओळखता आला नाही. अर्जुनाने आपली दहा नावे सांगितली तेव्हा कुठे पोराची खात्री पटली.

म्हणजे विराटनगरीत लपले काय होते? आपण म्हणतो शस्त्र लपले होते. पण शस्त्र तर झाडावर उघडे टांगलेले होते. खरा लपला होता अर्जुन. त्या खेळात लपले काय होते? खड्ग तर शिळेवर उघडे उभे होते. खरा लपला होता तो शंभर वर्षे निजलेला, स्वतःला विसरलेला वीर. प्रत्येक देवळीगणिक, प्रत्येक हृदयागणिक तो थोडा थोडा प्रकट होत गेला. आणि तो पुरता प्रकट झाला त्या दिवशी खड्ग आपोआप प्रकट झाले. शस्त्राचा आणि वीराचा हाच संबंध. शस्त्र गुप्त नसते, अधिकारी गुप्त असतो. नाम का गुप्त आहे? पंढरीची वाट का कोणाला ठाऊक नाही? सगळे उघडे आहे, लेकराबाळांच्या तोंडी आहे. लपलेलो आपण आहोत.

आता शस्त्र मिळाल्यावर त्याचा प्रयोग कसा करावा? कारण मिळविणे ही अर्धी गोष्ट झाली. खड्ग मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी नातू ओसरीवर बसला आणि त्या खड्गाने काय करू लागला? झाडे तोडू लागला, गवत छाटू लागला. मी विचारले तर म्हणाला, “आजोबा, हे मोडत नाही ना!” आणि हे खरे आहे. त्या खेळात दुसरी सगळी शस्त्रे वापरता वापरता मोडून जातात. भाला मोडतो, परशू मोडतो, ढालसुद्धा मोडते. हे एकच खड्ग मोडत नाही. पण ते दमते! काही घाव घातले की त्याचे तेज संपते आणि मग दहा मिनिटे ते हाती धरता येत नाही. पोराने ते तेज लाकडे फोडण्यात घालविले, आणि त्याच वेळी टेकाडाआडून गार्डियन नावाचा यंत्रराक्षस निघाला. अनेक पायांचा, एकच डोळा, त्यातून आग ओकणारा. आता खड्ग कोठे? ते विश्रांतीला गेलेले! वीर पडला. पोरगा खदखदा हसला, आणि मग माझ्याकडे पाहून गप्प बसला.

वास्तविक त्याच राक्षसासमोर त्या खड्गाचा खरा गुण दिसावयाचा. एरवी त्याचा जोर तीसाचा. पण गार्डियनासमोर किंवा अरिष्टाने व्यापलेल्या राजवाड्यात ते निळे उजळून निघते आणि जोर साठाचा होतो, म्हणजे दुप्पट. गवतावर त्याला तेज चढत नाही. खऱ्या शत्रूसमोरच चढते. ज्यांना वाणी लाभली आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे. वाणी हेही न मोडणारे खड्ग आहे. पण चावडीवर, चहाच्या टपरीवर, सुनेच्या चुका काढण्यात ते दिवसभर चालविले, तर ज्या क्षणी घरात खरे संकट उभे राहते, पोराला धीराचा एक शब्द हवा असतो, त्या क्षणी जीभ दमलेली असते.

अर्जुनाचा प्रयोग पाहा. तेरा वर्षांचा अपमान उरात घेऊन त्याने गांडीव उचलले. समोर सगळेच उभे. पण त्या दिवशी काम होते गाई सोडविण्याचे. त्याने गाई सोडविल्या आणि सेनेवर संमोहनास्त्र टाकून तिला भुलविले. उत्तरेने बाहुल्यांसाठी उंची वस्त्रे मागितली होती, ती आणविली आणि परत फिरला. सूडाचा दिवस तो नव्हता. उलट अश्वत्थाम्याने सौप्तिकपर्वात ब्रह्मशिर अस्त्र सोडले. ते सोडता आले, पण आवरता आले नाही. अर्जुनाला आवरता आले. ज्याला आवरता येत नाही त्याच्या हातातले अस्त्र शेवटी उत्तरेच्या गर्भावर गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. खेळातले खड्ग दमून स्वतः थांबते, ही रचनाकारांची कृपा. आपल्या हातातली शस्त्रे तशी थांबत नाहीत. ती आपणच थांबवावी लागतात.

याच २०१७ सालच्या जूनमध्ये त्या खेळाला एक पुरवणी निघाली, तीत खड्गाची कसोटी आहे. त्या कसोटीत सुमारे पंचेचाळीस दालने आहेत. आत जाताना वीराजवळचे सगळे काढून घेतात. वस्त्र नाही, अन्न नाही, दुसरे शस्त्र नाही, आणि ज्याची कसोटी तेच खड्गही नाही! आत जे सापडेल त्यावर निभवावयाचे. सारी दालने पार केली की खड्गाचा जोर कायमचा साठाचा होतो. म्हणजे खड्ग तेजस्वी झाले ते खड्ग चालवून नव्हे, खड्गावाचून उभे राहता आल्याने. वेगळे भाष्य नको.

येथे कोणी शंका घेईल. बुवा, हे सारे ठीक. पण शस्त्र, मारामारी, राक्षस, यांनी पोरे हिंसक होणार नाहीत काय? आणि तासन् तास यंत्रापुढे बसणे हे चांगले का? शंका रास्त आहे. समाधान असे. वेळेचा अतिरेक वाईटच, मग तो यंत्राचा असो की पत्त्यांचा. जेवणे, झोप, अभ्यास आणि उघड्यावरचे खेळणे यांना धक्का लावणारी कोणतीही गोष्ट घरच्या वडील माणसांनी आवरावी. आणि आणखी एक ध्यानात ठेवावे: यंत्रातली हृदये यंत्रातच राहतात. यंत्र बंद केले की तेराची शून्य होतात. बाहेर येते ते एवढेच, की दोन दिवस अडून राहण्याची सवय लागली असेल तर ती. आणि ती बाहेर येते की नाही, हे यंत्र ठरवीत नाही. शेजारी बसणारा कोणी आहे की नाही, यावर ते बरेचसे अवलंबून असते. पोराला एकटे सोडून दुरून रागावणे सोपे आहे. शेजारी बसून ‘तू हे का केलेस’ एवढे विचारणे कठीण आहे, पण त्यातच खरे पालकत्व आहे.

आता शेवटचा प्रश्न, प्रयोजन. गंमत अशी की त्या खेळात हे खड्ग घेतलेच पाहिजे असे नाही. त्यावाचूनही गॅननाशी लढता येते, कथा पुरी होते. मग एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर २०२३ साली निघालेल्या पुढच्या खेळात आहे. त्याचे नाव ‘टीअर्स ऑफ द किंगडम’. त्यात तेच खड्ग झिजून निकामी होते आणि भूतकाळात पाठविले जाते. तेथे अडकलेली राजकन्या झेल्डा एक दिव्य मणी गिळून नागासारखी आकाशगामी होते. त्या रूपात स्वतःची ओळख, स्मृती, सारे जाते, हे ठाऊक असून गिळते. मग युगानुयुगे ते खड्ग मस्तकात धारण करून, आपल्या तेजाने त्याची झीज भरून काढीत ती आकाशातून फिरत राहते. वीराला ते तिच्या मस्तकावरून उपटावे लागते, आणि या वेळी हृदये नव्हे, दम मोजला जातो. दोन वर्तुळे पुरी भरतील एवढा.

माझा नातू हे सांगताना हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, “आजोबा, ती इतकी वर्षे ते धरून होती.” तेव्हा ध्यानात आले की अधिकाराच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. मण्यांचा हिशेब आपला, हृदये आपली, दम आपला. पण शस्त्र आपल्यासाठी जपून कोणी ठेवले, हा हिशेब आपला नाही. आपल्या गळ्यातली माळ आपण घातली असे आपण म्हणतो. पण तिच्या आधी आजाने वारी चुकविली नाही, आजीने दळताना नाम सोडले नाही, दुष्काळात घरातले सारे गेले तरी वीणा विकली नाही, तेव्हा ती माळ आपल्यापर्यंत आली. त्यांपैकी किती जणांची नावेही आता कोणाला ठाऊक नाहीत. त्यांनी ओळख दिली आणि वस्तू राखली.

तात्पर्य, सज्जनहो: विषय उघडा आहे, वाट ठाऊक आहे, वस्तू कोणीतरी आपल्यासाठी राखून ठेवली आहे. उणीव आहे ती आपल्या हृदयांची. ती उसनी चालत नाहीत. ती एकेक करून कमवावी लागतात. मिळाल्यावर गवतावर घालवावयाची नाहीत. आणि एक दिवस आपल्या मागून येणाऱ्यासाठी ती वस्तू तितकीच तेजस्वी ठेवून जावयाचे, हेच प्रयोजन. या महिन्यात प्रत्येकाने एवढेच करावे: घरातल्या एका लेकराच्या शेजारी घटकाभर बसावे, त्याच्या खेळात किंवा कामात ते कोठे अडले आहे ते विचारावे, आणि उत्तर सांगून न टाकता त्याच्याबरोबर थांबावे.

रामकृष्णहरि.